माळ, कुरण, लवण, ओघळ

भिंगारला पोस्टिंग आलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. लढाई चालू होती. बरोबरची पोरं बोटीतून परमुलखात चालली होती आणि मला मिळाली नगरबाहेरची रेंज ड्यूटी. रेंज म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जमीन. फायरिंगच्या आधी तिथून माणसं-गुरं बाहेर काढायची, लाल झेंडे लावायचे, वायरलेसवर "क्लियर" कळवायचं. फायरिंग संपलं की झेंडे उतरवायचे. यात भिण्यासारखं काही नाही असं मी घरी कळवलं आणि तरी रोज भीत होतो.

मी राजापूरकडचा. चौथीतून शाळा सुटलेली. वायरलेसच्या सेटवर मला कुणी बसवलंच नसतं. बसवलं ते आमच्या सेक्शनचे नाईक औटी यांनी. पारनेरचे शेतकरी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. त्यांचे उपकार मी आजही मानतो. पण त्या माणसाने माझा जीव नकोसा केला होता, हेही खरं आहे.

कारण जमीन. रेंजवर चालताना ते मध्येच थांबायचे आणि बूट आपटून विचारायचे, "कोकण्या, ह्ये काय?"

"गवत, उस्ताद."

"गवत तुझ्या डोक्यात. ह्यो माळ. वर मुरूम, गवत आखूड. त्ये पल्याड कंबरंएवढं दिसतंय, त्ये कुरण. राखल्याबिगर तसं वाढत न्हाई. आन् दोन चढांच्या मदी खाली गेलंय, ती लवण. तिच्या बुडाला पाय टाकून बघ."

मी टाकला. बूट घोट्यापर्यंत आत गेला.

"चिबड," ते म्हणाले. "वरून पाझर हाय. उन्हाळ्यातबी वाळत न्हाई. आता बूट धू."

लवणीच्या उजवीकडे एक ओघळ होती. पावसाळ्यात पाणी वाहून चर पडलेली, खोल, सावलीची. कोणी कापायला उतरत नसे, म्हणून तिथलं गवत पुरुषभर उंच, आणि पावसाळा सरला की वाळून कडकडीत. एवढं सगळं रोज पाठ म्हणायचं. वर पायमोज्यांत कुसळं घुसलेली. मी एकदा वैतागून म्हणालो, "उस्ताद, आमच्याकडे वर कातळाचा सडा नि खाली मळा. दोन शब्दांत गाव संपतं."

"मंग त्येला गाव कशाला म्हनतोस? जिना म्हन," औटी म्हणाले, आणि सगळं सेक्शन आठवडाभर मला जिना म्हणत होतं.

तिकडे कंट्रोलवर हवालदार शेख. नगर शहरातले, बोलायला गोड, पण हुकमाचे पक्के. मी सेटवर "लवण क्लियर" म्हटलं की ते डोक्याला हात लावत. "अरे बाबा, साहेबाला दोनच शब्द येतात. मैदान आणि नाला. उंच असलं तर मैदान, खोल असलं तर नाला. तेवढ्यात भागव ना!" म्हणजे औटींसमोर "नाला" म्हटलं की शिवी आणि शेखांसमोर "ओघळ" म्हटलं की शिवी. दोघांच्या मध्ये मी.

फाल्गुन होता. सकाळी औटी दोन जवान आणि दोन नंबरचा सेट घेऊन पलीकडच्या झेंड्यावर गेले. जाताना ओघळीत एक म्हातारा मेंढपाळ सावलीला बसलेला दिसला. त्याला त्यांनी उठवलं, बाहेर काढलं आणि क्लियर कळवलं. मी या बाजूच्या टेकडीवर, कंट्रोलच्या सेटवर होतो. शेजारी शेख आणि कॅप्टनसाहेब.

जेवणानंतरच्या फायरिंगमध्ये ट्रेसर गोळ्या होत्या. त्या जळत जातात. कुरण पेटलं. आधी धुराची एक रेघ दिसली. मग वारा फिरला आणि आग दोन अंगांनी पलीकडच्या झेंड्याकडे वळली. फायरिंग लगेच थांबवलं. मागे माळ होता, पण वारा तिकडेच वाहत होता. वाळल्या माळावर आग माणसापेक्षा जोरात पळते.

साहेब इंग्रजीत काही बोलले. शेख म्हणाले, "सांग, खाली उतरा. नाल्यात जा."

मी माइकचं बटण दाबलं. "हॅलो टू. चिबडात जा. लवणीच्या चिबडात. ओघळीत नको. ओव्हर."

शेखांनी माझ्याकडे पाहिलं.

"टू. समजलं." औटींचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा, "पोरं चिबडात बसिवली. सेट त्यांच्यापाशी ठिवतो. ओव्हर."

"तुम्ही? ओव्हर."

"म्हातारा ओघळीत परतला आसंल. सावली तितंच हाय. बघून येतो."

"उस्ताद, जाऊ नका. ओव्हर."

पुन्हा बोलावलं. एका जवानाचा आवाज आला, "नाईक गेले." मी बोलवत राहिलो. शेवटी शेखांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला.

दोन्ही जवान चिखलाने माखून, खोकत बाहेर आले. ओघळ विझायला संध्याकाळ झाली. औटी तिथे सापडले. एकटेच.

म्हातारा दुसऱ्या दिवशी आमच्या बराकींच्या लाइनीच्या फाटकाशी आला. मला म्हणाला, "मी तर झेंडेवाल्यानं उठीवल्यावर तसाच घरी गेल्तो, बाबा. त्यो म्हनला जा, म्या गेलो. मंग त्यो कशापायी आला?" मला त्याचा राग आला. त्याचा काय दोष होता?

औटींचं सामान पारनेरला पोचवायला मला पाठवलं. त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. मी ट्रंक ठेवली आणि उभा राहिलो.

"बस. कुठं गावला?" त्यांनी विचारलं.

"ओघळीत. कुरणाच्या खालच्या अंगाला."

"कापल्याली हुती?"

"नाही."

त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. "मंजी त्येला ठावं हुतं," ते म्हणाले.

"हो, आजोबा. त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी एका मेंढपाळ म्हाताऱ्याला बघायला उतरले."

"आन् त्यो म्हातारा?"

मी सांगितलं. आधीच घरी गेला होता.

"बरं झालं," ते म्हणाले आणि सुनेला माझं ताट वाढायला सांगितलं.

मी जेवलो. त्या घराचं अन्न मी विसरणार नाही. पण ते "बरं झालं" मला आजही पटलेलं नाही. जमिनीचा कण न् कण ओळखणारा माणूस, चिबडात उभा होता, वाचला होता. तिथून तो वर चढलाच कशाला?