लाल फडकं बांधलेली गिटार

मारोतराव राजूरकडच्या एका कोळसा खाणीत डंपरचे फिटर आहेत, आणि फिटरकी त्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर कधी काढून ठेवली नाही. खाणीतला नियम असा, की दुरुस्तीला घेतलेल्या यंत्राला लाल फडकं बांधायचं. ज्यानं बांधलं त्यानंच काम तपासून ते सोडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मोठा साहेब का असेना. वणीतल्या त्यांच्या घरी हाच नियम मिक्सरला लागू आहे, पंख्याला लागू आहे, आणि एका उन्हाळ्यात तो संडासाच्या कडीला लागू झाला होता. घरात पाहुणे होते आणि मारोतराव ड्युटीवर. कोकिळाबाईंनी पाहुण्यांना शेजारच्या विमलताईंकडे पाठवलं, पण फडक्याला हात लावला नाही.

लोक या गोष्टीला हसतात. कोकिळाबाईंना हसू येत नाही. निकिता पोटात होती तेव्हा मारोतराव डंपरच्या उचललेल्या डाल्याखाली, म्हणजे मागच्या हौद्याखाली, काम करत होते आणि कुणीतरी घाईत फडकं काढून गाडी सुरू केली. डाला खाली आला. मारोतरावांचा पाय निघाला, बूट आतच राहिला. घरी येऊन ते मुकाट जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दारात एकच बूट दिसला, तेव्हा कोकिळाबाईंनी विचारलं आणि सगळं कळलं. त्या दिवसापासून खाणीची बस जरा उशिरा आली तरी त्या फाटकाशी उभ्या असतात.

आता गिटारचं. निकिता बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बादलच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवते. म्हणजे तेव्हा नुसतं वाजवून बघत होती, जागा पक्की नव्हती. तिच्या गिटारला खाली एक वाकडी लोखंडी दांडी आहे. ती दाबली की सूर घसरतो, सोडली की पुन्हा वर येतो. या दांडीचे आटे झिजले होते. मारेगावच्या एका रिसेप्शनमध्ये ऐन गाण्यात ती निसटली आणि उडून थेट वरमायच्या मांडीवर पडली. त्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आहेरच असावा असं समजून ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. परत मागायला बादलला जावं लागलं. त्यानं निकिताला सांगून टाकलं, की शनिवारी वणीच्या कार्यक्रमात दांडी पुन्हा लोंबली किंवा उडाली, तर तिची जागा कीबोर्डवाला पियुष भरून काढेल. तीन दिवस पोरीच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि पोरीच्या नाही म्हणून आईच्याही नाही.

शनिवारी सकाळी मारोतरावांनी गिटार ओट्यावर पेपर अंथरून निजवली. त्यांचा खाणीतला जोडीदार रामधनही येऊन बसला. दोघांनी आळीपाळीनं दांडी हलवून पाहिली आणि आट्यात प्ले आहे, म्हणजे ढिलेपणा आहे, यावर दोघांचं एकमत झालं. मारोतरावांनी आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली, भोकाच्या तळाशी बॉलपेनातली स्प्रिंग घातली आणि दांडी पिळून बसवली. जिथे ठेवावी तिथे ती राहू लागली. आता वाजवून तपासायचं तेवढं बाकी होतं. पण निकिता तिचा स्पीकर घेऊन मंडपाकडे गेली होती, आणि तेवढ्यात दुसऱ्या पाळीची बस आली. मारोतरावांनी गिटारच्या मानेला लाल फडकं बांधलं आणि ते निघून गेले.

निकिता परत आली. कार्यक्रम सातला होता. फडकं पाहून ती आईकडे वळली.

“आई, हे गिटार हाय. याच्या खाली कोणी झोपेल नाही.”

“मले दिसते.”

“मंग सोड ना.”

“तूच सोड.”

निकितानं हात पुढे केला आणि गाठीपासून वीतभर अंतरावरून मागे घेतला. विमलताई कात्री घेऊन आल्या. आपल्याला काही नियम लागू नाही, एक कात्री लावते, असं त्या म्हणाल्या, तर मायलेकी दोघीही एकदम अंगावर धावल्या. मारोतरावांचा फोन लागायचा प्रश्नच नव्हता, वर्कशॉपमध्ये फोन नेत नाहीत. शेवटी ऑटो केला. आजारी लेकरू घ्यावं तशी गिटार मांडीवर घेऊन दोघी खाणीच्या गेटवर पोचल्या.

गेटवर पहाऱ्याला रूपसिंग होता. ही काय वस्तू, इथे कशाला आणली, असं काही त्यानं विचारलं नाही. लाल फडकं पाहून तो सावध उभा राहिला.

“फडकं कोणाचं?”

“आमच्या ह्यांचं,” कोकिळाबाई म्हणाल्या.

त्यानं लगेच आत निरोप धाडला. बायको-पोर गेटवर आल्या म्हटल्यावर मारोतराव तेलकट हातांनी जवळजवळ पळतच आले. घरी सगळे जिवंत आहेत हे कळल्यावर ते लगेच कामाचं बोलू लागले. तपासल्याशिवाय फडकं सुटणार नव्हतं आणि आवाजाशिवाय तपासणी होणार नव्हती. आवाजाची एकच सोय होती. पाळी सुरू होताना ज्या भोंग्यावर कामगार सुरक्षेची शपथ घेतात, त्याची आवाज वाढवायची पेटी रूपसिंगच्या खोलीत होती. गिटारची वायर तीत खोचली. मागे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली.

निकितानं तार छेडली आणि दांडी दाबली. सूर भोंग्यातून निघाला, खाणीवरून घसरत खाली गेला आणि वर आला. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली.

मारोतरावांचा चेहरा उतरला. “हललं ना.”

“ते हलायसाठीच असते बाबा.”

“मंग सकाळपासून मी घट्ट कायले करून राह्यलो?”

दांडी डुगडुगायला नको, सूर डुगडुगायला हवा, हे निकितानं त्यांना समजावून सांगितलं. खाणीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, “परत जागेवर येते?”

“येते.”

“पुन्हा दाब.”

तिनं दाबली, सोडली. रूपसिंगला वाटलं सूर जरा खालीच राहिला. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला की बरोब्बर आला, त्याच्या मेहुण्याचं बँडपथक आहे. यावर दोघांची थोडी जुंपली. निकिता घड्याळ बघत होती, कोकिळाबाई निकिताकडे. मारोतरावांनी डोळे मिटून आणखी एकदा ऐकलं. मग हात पुसले, गाठ सोडली आणि फडकं खिशात घातलं.

“ने,” ते म्हणाले.

मंडपात पोचेपर्यंत पहिलं गाणं सुरू झालं होतं आणि निकिताच्या जागेवर पियुष सरकला होता. दुसऱ्या गाण्याला ती धापा टाकतच चढली. कोकिळाबाई पहिल्या रांगेत बसल्या नाहीत. काही उडालंच तर आपल्याच अंगावर नको, म्हणून खांबाआड उभ्या राहिल्या. तिसऱ्या गाण्यात निकितानं दांडी पार खालपर्यंत दाबली आणि सोडून दिली. दांडी निसटली नाही, परत जागेवर आली. पोरं शिट्ट्या वाजवू लागली.

शेवटी बादल शाबास वगैरे म्हणाला नाही. पुढच्या कार्यक्रमाची गाडी कुठून निघेल तेवढं त्यानं निकिताला सांगितलं.

कोकिळाबाईंनी मंडपाबाहेर येऊन गेटवर फोन लावला. रूपसिंग म्हणाला, मारोतभाऊ डंपरखाली आहेत, हाक मारू का?

“नको, नको,” त्या घाईनं म्हणाल्या. “त्यांना आधी बाहेर येऊ द्या. मग सांगा, पोरीची जागा पक्की झाली.”