घोंगड्यावर बसून दिलेला शब्द

बारामतीत कुणालाही पत्ता विचारा, तो दगडी कोठीपासून सुरू होतो. कोठीच्या डावीकडं. कोठीच्या मागं. कोठी ओलांडून सरळ. तिथं पूर्वी लोकरीचा व्यापार चालायचा. काळ्या दगडाच्या कमानी, वर बंद पडलेलं घड्याळ आणि मोठ्या दाराच्या उजव्या ओट्यावर सारजाबाई.

सारजाबाई कन्हेरीची. तिचे सासरे मेंढरं राखायचे आणि याच कोठीत लोकर घालायचे. पुढं मेंढरं गेली. मुलं शेतीला लागली. सारजाबाईनं सूत कातणं सोडलं नाही. गावोगावची लोकर आणून कातायची, विणून घ्यायची आणि घोंगडी त्या ओट्यावर विकायची. तिच्याजवळ बसलं की घोंगड्यांना दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास यायचा.

मी इंदापूरची. कॉलेज बारामतीला. एसटी चुकली की त्या ओट्यावर टेकायचे. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काय शिकतीस गं?"

"मराठी."

"का? आईनं शिकवली न्हाय व्हय?"

आणि ठसका लागेपर्यंत हसली. तिथून आमची मैत्री जमली. पदवी हातात पडली, तरी मी तिथं जात राहिले.

ओट्यावर तिचं स्वतःचं एक घोंगडं कायम अंथरलेलं असायचं. त्यावर चप्पल घालून यायचं नाही. ते देवाचं आसन. भाव ठरायचा तो त्यावर बसून, आणि बसून बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही. कोठीतले जुने व्यापारीही हे पाळायचे. उभ्यानं केलेलं बोलणं नुसतं बोलणं. "उभा मानूस कुठं बी जातुया," ती म्हणायची.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात कोठी दुरुस्तीला निघाली. शहराची शान जपायची, असं पत्रकात छापलं होतं. त्यासाठी ओट्यावरच्या विक्रेत्यांना उठवायचं होतं. बाकीचे कुरकुरत उठले. सारजाबाई उठेना. शेवटी दुरुस्ती समितीचे प्रमुख माधवराव वकील स्वतः आले. मी तिथंच होते. त्यांनी बूट काढले. घोंगड्यावर मांडी घालून बसले.

"आजी, काम होईपर्यंत उठा. ओटा तुमचाच राहील."

सारजाबाईनं त्यांना पाणी दिलं आणि त्याच दिवशी गाठोडं बांधलं. मी म्हटलं, "अगं, लिहून तरी घे."

ती माझ्यावर डाफरली. "बसून बोललाय त्यो. कागुद कशाला?"

काम लांबत गेलं. ती घरीच कातत बसली. कन्हेरीत तिच्या पडवीत घोंगडं घ्यायला कोण येणार? मुलं म्हणायची, बास झालं आता. ती म्हणायची, "ओटा हाय माझा."

पुढच्या वर्षी उद्घाटन ठरलं. तिनं मला निरोप धाडला, 'ओटा बघाया चल.' हिरवं लुगडं नेसली होती. काखेत नवं काळं घोंगडं.

कोठी धुऊन काढली होती. घड्याळ चालत होतं. दारावर लाल फीत बांधलेली. आत नव्या फरशीवर, काचेच्या कपाटात एक घोंगडं टांगलं होतं. त्यावर दिवा सोडला होता.

उजव्या ओट्यावर लोखंडी मांडणी होती. पाहुण्यांचे बूट-चपला ठेवायला.

सारजाबाई त्या मांडणीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. दाराच्या मधोमध, फितीच्या खाली, तिनं घोंगडं अंथरलं आणि बसली.

माधवराव पाहुण्यांना घेऊन आले. सगळ्यांनी जोडे मांडणीवर ठेवले. माधवराव घोंगड्याच्या काठाशी येऊन थांबले. पायात नुसते मोजे.

"आजी, बाजूला व्हा. पाहुणे आलेत."

"या की. बसा."

"तुम्हाला मागं कुठंतरी जागा देऊ. बघू आपण."

"उभ्यानं नगं. ओटा न्हाय, येवढंच सांगा. पर बसून सांगा. लगीच उठती, पुन्ना तोंड दावायची न्हाय."

माधवराव खाली बघत राहिले. त्यांचा एक पाय पुढं आला. घोंगड्याला लागायच्या आत मागं गेला.

तोवर मी समजत होते की बिचाऱ्या वकिलाला बसण्याचा अर्थ ठाऊक नसेल. दमला असेल, म्हणून टेकला असेल. तो पाय मागं गेला आणि माझ्या अंगाची आग झाली. याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो त्या दिवशी बसला होता. कागद मागायचं तिला सुचू नये म्हणून बसला होता. तिच्या देवाच्या आसनावर.

सारजाबाईलाही ते दिसलं. "कळतंय की रं तुला!" ती ओरडली. "मग तवा कशाला बसलास?"

माधवरावांनी रखवालदाराला हाक मारली. "गेणबा, उचल ते घोंगडं."

गेणबा निमगाव केतकीचा. त्याचे वडील मेंढरांमागं हिंडलेले. तो हलला नाही. "सायेब, बाई बसलीया त्याच्यावर."

"मग बाईला उठव!"

"तुमी बसून सांगा की. उठती म्हनली न्हवं का ती."

कुणीतरी फिसकन हसलं. माधवरावांनी ओट्यावरचे बूट ओढून पायात चढवले. पाहुण्यांनीही आपापले जोडे शोधले. आणि सगळी मंडळी कोठीला वळसा घालून, मोरीवरून, मागच्या दारानं आत गेली. आत टाळ्या वाजल्या. शहराच्या परंपरेवर कुणीतरी भाषण सुरू केलं. लाउडस्पीकरवरून शब्द न् शब्द बाहेर येत होता.

फीत तशीच राहिली. सारजाबाईच्या डोक्यावर.

भाषणं संपली. मंडळी मागच्या दारानंच पांगली. मी म्हटलं, "सारजाबाई, चल. कन्हेरीची गाडी जाईल."

तिनं पिशवीतून लोकर काढली आणि चाती फिरवायला घेतली.

"जाऊ दे गाडी. त्यो अजून बसला कुठं?"