मास्तरांच्या काठीची मुदत

अर्जदार : खाली सही करणारा, व्यवसाय अर्जलेखन, भाईंदर पूर्व. ज्यांच्या वतीने अर्ज : मास्तर, पूर्वी राहणार भाईंदर पूर्व, हल्ली मुक्काम रायगड जिल्हा, बहिणीचे घरी. साक्षीदार : रोझीबाई, राहणार चौक गाव, व्यवसाय मासळीविक्री, केंद्राच्या स्वयंसेविका, तसेच गुप्ताजी टेम्पोवाले, राहणार चेणे. कालावधी : सन दोन हजार पाचपासून आजतागायत. प्रति : आपल्या रुग्णसाहित्य केंद्राची कार्यकारी समिती.

समितीतील निम्मे सभासद नवीन आहेत. मास्तर कोण, हे त्यांस ठाऊक झाल्यावाचून मागणीचे गांभीर्य ध्यानी येणार नाही. सबब हा अर्ज माझ्या नेहमीच्या अर्जांपेक्षा लांबला आहे.

मास्तरांच्या तोंडी 'बहुधा' हा शब्द मी कधी ऐकला नाही. केंद्राच्या गाळ्यातून व्हीलचेअर, वॉकर, पाण्याच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या लोकांच्या घरी जात आणि परत येत. त्यातली कोणती वस्तू कोणाकडे आहे, हे मास्तर न बघता सांगत. गुप्ताजींनी टेम्पो चालू ठेवूनच फोन करावा, "मास्टरजी, वो बेड किधर है?" आणि मास्तरांनी छताकडे पाहत उत्तर द्यावे, "उत्तनला, चर्चच्या मागे, दुसरा मजला. लिफ्ट नाही. एक स्क्रू ढिला आहे, पाना घेऊन जा." गुप्ताजी हिंदीत विचारत, मास्तर मराठीत सांगत आणि दोघांचे कधी अडले नाही.

स्टेशनजवळच्या एका संगणक वर्गात ते शिकवीत, म्हणून मास्तर. मला ते 'वकीलसाहेब' म्हणत. मी वकील नाही. माझे शालेय शिक्षण नववीत खंडित झाले असून पुढील ज्ञान मी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर संपादन केले आहे. तथापि मास्तरांच्या त्या हाकेत थट्टा कमी आणि मान अधिक होता, असे माझे मत आहे.

मास्तरांना काचबिंदू होता. एका मासिक सभेत चहा झाल्यावर त्यांनी ते स्वतःच सांगितले. नजर कडेकडेने जात होती, मधला तुकडा तेवढा राहिला होता, आणि तोही राहील असे डॉक्टर म्हणत नव्हते. एका जुन्या सभासदाने सुचविले की मास्तर आहेत तोवर केंद्र चालवावे आणि पुढे सन्मानाने बंद करावे. मास्तर एवढेच म्हणाले, "नजर माझी चालली आहे. खुर्च्यांना काय झालंय?"

त्यानंतर त्यांनी आपल्या डोक्यातले केंद्र बाहेर काढून ठेवण्याचे काम हाती घेतले. एका कार्यालयाने टाकून दिलेला संगणक आणला. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा घातली. कंपन्यांतली कामे कोणाकडे आहेत, कुठवर आली आहेत, कधी पुरी व्हायची, हे दाखविणारा एक संगणकीय कार्यक्रम जगभरातील लोकांनी मिळून लिहून सर्वांसाठी खुला ठेवला होता. तो ह्या यंत्रावर बसवायचा, प्रत्येक खुर्ची म्हणजे एक काम मानायचे, आणि स्वयंसेवकाने कोठूनही, अगदी सायबर कॅफेतूनही, ते पाहावे, अशी त्यांची योजना होती. यंत्र कमोडच्या खुर्च्यांमागे, भिंतीशी ठेवले. त्याचा पंखा सुरू झाला की गाळ्यात पिठाची गिरणी चालू आहे असे वाटे.

मास्तरांची बोटे आज्ञा बिनचूक लिहीत; पडद्यावर उमटलेले उत्तर मात्र त्यांना आता वाचता येत नव्हते. वाचनासाठी त्यांनी माझी निवड केली. मी विचारले, मलाच का? तेव्हा म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी कळत नाही. कळणारा माणूस मधलं गाळतो." मी एकेक अक्षर वाचू लागलो. परंतु अर्जलेखकाचे वळण सुटत नाही. दोन दिवसांत माझ्या ध्यानी आले की यंत्र तेच तेच बोलते, आणि मी सारांश सांगू लागलो. "यंत्राची काही हरकत नसून ते आपली अनुमती मागत आहे," असे मी एकदा कळविले. मास्तरांनी हात थांबविला. "वकीलसाहेब, जे लिहिलंय ते वाचा. त्याला काय म्हणायचंय ते मी ठरवतो." पुन्हा वाचले तेव्हा ते डिस्क पुसण्याची अनुमती मागत होते. माझा सारांश चुकीचा नव्हता, हे मी आजही सांगू शकतो.

पुढे एका टप्प्यावर, जिथे सर्व नोंदी साठायच्या त्या डेटाबेसने आम्हांस प्रवेश नाकारला. पुनःपुन्हा नाकारला. मला संताप आला. यंत्र आमचे, वीज आमची, जागा केंद्राची, आणि नाकारणारे हे कोण? मास्तर मात्र खुशीत होते. "नाकारतंय म्हणजे जागं आहे. काहीच बोललं नाही तर घाबरायचं." त्यांनी एका फाईलमधला पासवर्ड दुरुस्त केला, आणि दार उघडले. कचेऱ्यांतून नकार घेऊन माझ्याकडे रडत येणाऱ्यांना मी हे वाक्य तेव्हापासून सांगत आलो आहे.

कार्यक्रम बसला. मी पहिली नोंद केली : व्हीलचेअर, मोठ्या चाकांची. नोंद जतन केल्याबरोबर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली. मराठी साठविण्याची तजवीज डेटाबेस तयार करतानाच करावयाची होती, ती राहून गेली होती. कोणीतरी म्हणाले, इंग्रजीत लिहू, सगळ्यांना चालते. मास्तर म्हणाले, "रोझीबाईंना चालत नाही." आणि सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवले. मी पुन्हा सगळे वाचले, ह्या खेपेस अक्षरन् अक्षर. तोवर त्यांच्या नजरेचा मधला तुकडाही धुरकट झाला होता. पुन्हा व्हीलचेअर उमटली ती मराठीत. मी सांगितले; त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिले आणि म्हणाले, "असेल. तुमच्यावर विश्वास ठेवतो. इलाज नाही."

यादी तयार झाली, पण तिच्याकडे कोणी बघेना. सगळे मास्तरांनाच फोन करीत. मास्तरांनी सांगायचेच बंद केले. रोझीबाई मासळीची पाटी गाळ्याबाहेर ठेवून आत आल्या आणि भांडल्या. "तुमाला ठावं हाय ना खुर्ची कुटं हाय ती? मंग सांगा की. त्या डब्याला कशाला इचारू?"

"मला ठाऊक आहे, तीच तर अडचण आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमी लय खडूस हाय."

"आहे. यादीत बघा."

रोझीबाई पुटपुटत बसल्या, आणि मी दाखविले तसे त्यांनी पाहिले. त्यानंतर मास्तर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात गेले. गेलेली नजर परत येणार नव्हती, राहिलेली टिकते का तेवढे पाहायचे होते; ती टिकली नाही. ते इस्पितळात असतानाच भाईंदर पूर्वेच्या एका घरी तातडीने बेडची गरज पडली. रोझीबाईंनी यादीत पाहिले, चेण्याचा एक बेड त्याच दिवशी मोकळा होणार होता. गुप्ताजींना पाठविले, बेड पोचला. मास्तरांना कोणी फोन केला नाही. मी इस्पितळात जाऊन हकिगत सांगितली तेव्हा डोळ्यांवरच्या पट्टीखाली त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यांनी विचारले, "स्क्रू बघितला का बेडचा?" मी म्हटले, यादीत लिहिलेला होता. "मग झालं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे कुशीवर वळले.

गावी बहिणीकडे जाण्याआधी ते शेवटचे केंद्रात आले, रिक्षातून, रोझीबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांना पांढरी काठी हवी होती. केंद्रात दोन होत्या. मी म्हटले, घेऊन जा, तुम्हाला कोण विचारणार आहे? ह्यावर ते रागावले. मी त्यांना रागावलेले तेवढेच पाहिले. "रीतसर नोंद करा. रुग्णाचे नाव, माझे." नोंद करू लागलो तर यंत्र परतीची तारीख मागू लागले. ती तारीख भरल्याशिवाय नोंद जतनच होऊ नये, अशी व्यवस्था मास्तरांनीच केलेली होती. रोझीबाई पदर तोंडाला लावून बाहेर पाटीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी 'आजीव' असे काही लिहिता येईल का, हे चाचपू लागलो.

"एक वर्ष लिहा," मास्तर म्हणाले. "वर्षाने मुदत वाढवून मागीन. अर्ज तुम्ही लिहा. धंदा होईल."

वर्ष झाले. मुदत उलटलेली नोंद यादीत लाल होते, आणि लाल दिसले की रोझीबाई फोन करतात, मग तो कोणीही असो. त्यांनी गावी फोन लावला. मी शेजारीच होतो. "मास्तर, काठी लागत्ये का अजून?" पलीकडून मास्तर म्हणाले, "लागते. वाढवा एक वर्ष." मग त्यांनी एकेका वस्तूची चौकशी केली, लाकडी वॉकरचे रबर बदलले का, उत्तनची गादी परत आली का. रोझीबाई यादीत बघून सांगत होत्या, आणि मास्तर मध्येच म्हणत, "बरोबर." मी रीतसर अर्ज लिहिला. समितीने मंजूर केला.

यंदा नव्या कार्यवाहांनी यादीची साफसफाई केली. हेतू चांगला होता, हे मी लेखी मान्य करतो. मास्तरांकडून काठी परत कशाला मागायची, अशा आदराने त्यांनी ती नोंद 'संस्थेकडून भेट' असा शेरा मारून बंद केली. बंद नोंद लाल होत नाही. लाल झाली नाही म्हणून रोझीबाईंनी फोन केला नाही. त्यांच्याकडून चूक झालेली नाही. मास्तरांनीच त्यांना यादीवर विसंबायला शिकविले होते.

गेल्या आठवड्यात मला गावाहून फोन आला. प्रथम माझ्या प्रकृतीची विचारपूस झाली. मग मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, माझी तारीख उलटून गेली. कोणी विचारलं नाही."

मी त्यांस 'भेट' ह्या शेऱ्याची हकिगत सांगितली. ते थोडे हसले. "भेट चांगली आहे," म्हणाले. "पण भेट दिलेल्या माणसाला पुन्हा कोणी फोन करत नाही हो."

तरी समितीस नम्र विनंती की, मास्तरांच्या नावची काठीची बंद केलेली नोंद पुन्हा उघडण्यात यावी. सदर काठी भेट नसून उसनी आहे असे मानण्यात यावे. तिची मुदत एक वर्ष वाढवून मिळावी. आणि दर वर्षी मुदत संपताच विचारणा करण्यात यावी. लेखी उत्तराचा आग्रह मी आयुष्यभर प्रत्येक कचेरीत धरला आहे. ह्या एका अर्जापुरता तो सोडतो. उत्तर मला पाठवू नये. ते मास्तरांना फोनवर द्यावे.

आपला विश्वासू,
अर्जदार