समुद्राखालचा जिल्हा आणि एक कप चहा

आमच्या हॉटेलात जेवायला येणारे पुण्याचे इंजिनियर सुट्टीत इंग्लंडला जातात आणि आल्यावर नान तोडत सांगतात, ही काउंटी पाहिली, ती काउंटी पाहिली, काय तो हेरिटेज. माझ्या व्हिसात इंग्लंड बसत नाही. म्हणून मी जर्मनीतलीच काउंटी पाहून आलो. इथे लांडक्राइस म्हणतात, म्हणजे आपला जिल्हाच. वर समुद्राला चिकटलेला आउरिश जिल्हा, ओस्टफ्रीजलंड भागातला.

हौस म्हणून गेलो नव्हतो. मी वोल्फ्सबुर्गला एका पंजाबी हॉटेलात कांदे चिरतो आणि तंदूर बघतो. मालकाला सगळे पाजी म्हणतात. पाजींना त्या जिल्ह्यात नॉर्डेन गावी दुसरं हॉटेल काढायचं होतं. जागेची मालकीण फ्राऊ यान्सन, वय झालेली बाई. तिने कळवलं, मालक नको, चूल सांभाळणारा माणूस पाठवा, त्याला बघून ठरवीन. जागा मिळाली तर तिथला मुख्य आचारी मी. नाही तर पाजींच्या मेहुण्याच्या हाताखाली कांदे चालूच. नववीत शाळा सोडलेल्याला कोण रोज असं विचारतं?

माझं जर्मन भटारखान्यापुरतं, म्हणून शेखरला सोबत घेतला. हा नागपूरचा, ब्राउनश्वाइगला पीएचडी करतो आणि आमच्याकडे उधारी न ठेवता जेवतो. शनिवारी निघालो. राज्यभर चालणारं दिवसाचं तिकीट घ्या, दोघांत पंचवीस युरोच्या आत जमतं, फक्त जलद गाड्यांत चढू नका. हानोव्हरला गाडी बदलली की खिडकीबाहेर बघण्यासारखं काही उरत नाही. गाय, पवनचक्की, गाय. मी नगरकडच्या अकोले तालुक्यातला, कळसूबाईच्या अंगाखांद्यावर वाढलेला. इतकी सपाट जमीन मी फक्त पोळपाटावर पाहिली होती.

शेखरकडे प्रवासाचं पुस्तक होतं. तो वाचत होता, "इथली बरीच जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली. जुनी गावं मातीचे ढीग रचून त्यावर बांधलेली."

"म्हणजे उकिरड्यावर."

"आणि इथे राजा नव्हता. मोकळे शेतकरी एका टेकाडावर जमून कारभार ठरवायचे."

"राजा कशाला येईल चिखलात?"

एम्डेनला उतरून बसने सूरहूझनला गेलो. शनिवारी बस कमी, परतीची वेळ आधी बघून ठेवा. तिथे चर्चचा वाकडा मनोरा आहे. ओल्या जमिनीत लाकडं घालून त्यावर बांधला, पुढे पाणी उपसलं, लाकडं कुजली, मनोरा कलला. आमच्याकडे अशा कामाचा ठेकेदार गाव सोडून पळतो. इथे त्याचं पोस्टकार्ड विकतात. मी विचारलं, सरळ का करत नाहीत? शेखर म्हणाला, "सरळ केला तर तू आला असतास का?" तसाही नसतोच आलो.

संध्याकाळी नॉर्डेनजवळ नॉर्डाइशला बांधावर चढलो. हा इथला सगळ्यात उंच डोंगर. वर मेंढ्या, पलीकडे समुद्र असायला हवा तिथे मैलभर चिखल, कारण ओहोटी. लोक पैसे देऊन त्या चिखलात अनवाणी चालतात. पावात घातलेली कोलंबी खाल्ली, साडेतीन युरो, मीठही नाही. झोपायला यूथ होस्टेल स्वच्छ आहे, चादर आपली न्या.

रविवारी अकराला फ्राऊ यान्सनकडे. उंच, ताठ बाई. "मोइन," म्हणाली, म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि आधी जागा दाखवली. मग तिच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि कागदासारखे पातळ, इवलेसे कप मांडले. कपात खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा. खडा तडतडला. मग पळीने कडेकडेने साय सोडली. मी सवयीने चमचा घेऊन ढवळलं.

"ढवळायचं नाही," ती म्हणाली. "आधी साय, मग कडू, शेवटी गोड."

तरी हसली. मग विचारलं, मसाला विकतचा की स्वतः कुटता? मी म्हणालो, स्वतः. ती म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. कांदा किती वेळ परतता, सकाळी किती वाजता उठता, असं एकेक विचारत गेली. शेखरकडे न बघता माझ्याकडे बघून. मला वाटलं, जमलं.

माझा कप संपला. तिने किटली उचलली. मी म्हणालो, "नाइन, डांके," नको, आभारी आहे, आणि चमचा कपात ठेवला. परक्या घरी पहिल्यांदा विचारलं की आपण नकोच म्हणतो. घरचा माणूस म्हणतो, अहो घ्या हो थोडा, आणि ओततोच. मी त्या ओतण्याची वाट बघत बसलो.

तिने किटली खाली ठेवली. "आल्झो गुट," म्हणाली, म्हणजे बरं तर. पुढे एकही प्रश्न नाही. शेखरने शांतपणे आपले तीन कप संपवले आणि आम्ही बाहेर.

परतीच्या गाडीत शेखर पुस्तकाच्या चहाच्या पानावर पोचला. वाचून माझ्याकडे बघायला लागला.

"काय रे?"

"इथे निदान तीन कप प्यायचे असतात. त्याआधी थांबलं तर घरच्यांना लागतं. आणि चमचा कपात ठेवला की आता पुरे, असा अर्थ."

"मग तू ओरडला का नाहीस?"

"मला वाटलं तुला आवडला नाही."

आठवड्याने पाजींना पत्र आलं. दोन ओळी, नकार, कारण नाही. पाजींनी मला विचारलं, जागा कशी होती? मी सांगितलं, भिकार. ओल आहे, गिऱ्हाईक नाही, सगळा चिखल. चहाचं सोडून वर लिहिलंय तसंच सगळं सांगितलं, ते हसले आणि विषय संपला.

जागा चांगली होती. भटारखान्याला मोठी खिडकी होती, धूर ओढणारं यंत्र नवं होतं, आणि तंदूर कुठे बसेल ते मी पावलांनी मोजून ठेवलं होतं. चहाही चांगला होता. मला अजून हवा होता.