अर्धं विकू, अर्धं बुडवू

ज्या ऑफिसचं शेत समुद्रात असतं, तिथे किस्से साठायला वेळ लागत नाही! आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. काम समुद्रशेवाळाच्या शेतीचं. आणि शेत उत्तनच्या समुद्रात, बांबूच्या तराफ्यांना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर.

वाळलेल्या शेवाळाची पोती पहिल्यांदा लिफ्टमधून वर आली, तेव्हा शेजारच्या ऑफिसातले नाक दाबूनच विचारायला आले, "अहो, आत काय मेलंय?"

डोंबिवलीहून येणारे आमचे देवधर सर शांतपणे म्हणाले, "मेलेलं काही नाही. हवेतला कार्बन आहे, वाळवून आणलाय." तेव्हापासून ती मंडळी जिन्यानेच जातात.

खरी पंचाईत पुढे झाली. एक तराफा उत्तनच्याच अ‍ॅग्नेस मावशीचा, मासेमारी करणाऱ्या कोळणीचा. तिच्या बोटीचं इंजिन बंद पडलेलं. शेवाळ विकलं गेलं तर नवं इंजिन, नाहीतर बोटच विकायची. आणि आम्हाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, की पीक खोल समुद्रात बुडवा, म्हणजे शेवाळाने शोषलेला कार्बन तळाशीच राहील. सरांनी तोडगा काढला, अर्धं विकू, अर्धं बुडवू.

मावशी म्हणाली, "मग इंजिन पन अर्धंच बसवू काय सर?"

सर चिडत नाहीत, समजावतात. विकलेल्या शेवाळापासून टूथपेस्ट होते, आईस्क्रीम होतं, आणि कार्बन फिरून हवेत जातो.

"मग लोकांना सांगा ना, दात नका घासू!"

आम्ही सगळे हसलो. नंतर मात्र मला वाईट वाटलं. सरांचं काही चूक नव्हतं. पाणी तापलंय, मासळी लांब गेलीय, हे मावशीच आम्हाला सांगत असते.

शेवटी निर्णय घ्यायला कंपनीचे साहेब ऑफिसात आले, मावशीलाही बोलावलं होतं. सरांच्या स्लाइड्स बघून त्यांनी विचारलं, "पण खाली गेलेलं परत वर येणार नाही, याची खात्री काय?"

सर उत्तराची स्लाइड शोधत होते. तेवढ्यात मावशी म्हणाली, "नाय येत साहेब. माझा नवरा नाय आला."

सरांनी लॅपटॉप मिटला. साहेब म्हणाले, "मावशींच्या तराफ्यावरचं सगळं पीक कापा. विकून टाका."

मावशी उठली. दारात चपला घालता घालता सरांकडे वळली.

"एक दोरी ऱ्हाऊ दे सर. ती बुडवा. एकटाच हाय तो खाली."