जर्मन सरदारीणबाईंचं लग्नाचं वय

साठच्या दशकात आम्ही दुबईत खाडीकाठी राहायचो. वरच्या मजल्यावर एका जर्मन इंजिनिअरची बायको. तिच्या भिंतीवर एक तसबीर होती: उंच टोपी, फिकट चेहरा, कमरेला चाव्यांचा जुडगा. ही तिच्या माहेरची पूर्वज, पाचशे वर्षांपूर्वीची सरदारीण. अम्माला इंग्रजी येत नव्हतं आणि जर्मनबाईला हिंदी, त्यामुळे मधे मी दुभाषी. मी सोळा वर्षांची, सोयरीक ठरत आलेली. ईद झाली की रत्नागिरीला जाऊन मावसभावाशी निकाह. मला मॅट्रिक व्हायचं होतं, पण अब्बा ऐकत नव्हते, आणि अम्मा अब्बांपुढे तोंड उघडत नव्हती.

तसबीर दिसल्याबरोबर अम्मानं स्थळाची चौकशी करावी तशी सुरुवात केली. "घराणं कसलं? सासू होती काय गो? जाच करायची?"

जर्मनबाई खुलली. नवरा सदा लढाईवर, गढी हीच सांभाळायची. गिरणी, कोठार, नोकर सगळं. सासू होती, आणि चांगलीच खाष्ट. अम्माला फार बरं वाटलं. "बघ, तिकडंपण तसंच!" हुंड्याला पुरेना म्हणून दोन मुली मठात धाडल्या, हे ऐकून तिनं तोबा तोबा करत गाल थोपटले. अकराव्या बाळंतपणात बाई गेली म्हटल्यावर तर हात पसरून दुवाच मागितली, जणू कालच वारली. जर्मनबाई गोंधळली, मग तिनंही हात जोडले.

"लग्न कितव्या वर्षी झालेलं?" अम्मानं विचारलं.

"फोर्टीन," जर्मनबाई म्हणाली.

"पंचविसाव्या," मी सांगितलं. वर पदरचं घातलं, "आधी शिकली, म्हणून गढी चालवता आली."

अम्मा चहा पीत राहिली. "आणि गेली तेव्हा?"

"थर्टी."

"तीस," मी गाफीलपणे बोलून गेले.

जिन्यात अम्मानं माझा कान धरला. "पाच वर्षांत अकरा पोरं? शेळी होती काय ती?"

तिनं कान सोडला.

"मला चौदाव्या वर्षी दिली," ती म्हणाली. "तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलणारंपण कोणी नव्हतं."

मला एकदम रडू आलं. ती मात्र झपाझप पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात गेली.

दुपारी अब्बा जेवायला बसले. अम्मानं माशाचं कालवण वाढलं आणि सहज विषय काढला. "वरच्या मॅडमच्या घराण्यात एक मोठी सरदारीण होती. निकाह कधी झाला, माहीत हाय? तिसाव्या वर्षी!"

मला ठसका लागला.

"आणि पोरंबाळं?" अब्बांनी विचारलं.

"अकरा. अल्लाची देन." तिनं डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "हिची मॅट्रिक होऊ द्या. मग बघू."

अब्बा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. अम्माला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. तिनं कधी काही मागितलंच नव्हतं.