बोट अडकलं की थांबायचं

"बोट अडकलं की थांबायचं, बाई. पुढं सरकायचं न्हाई." बुंदीला मांडीवर उताणी घेऊन, तिच्या कानामागे बोटं घालत मामी हे म्हणायच्या. आणि खरंच थांबायच्या. बोलणं अर्ध्यावर सोडायच्या, चहा निवू द्यायच्या, पण ती गाठ सुटल्याशिवाय मान वर करायच्या नाहीत.

बुंदी म्हणजे आमची कुत्री. लेकीनं पुण्यात हौसेनं घेतली आणि घरमालकानं हाकललं तशी जिंतूरला माझ्या पदरात टाकून गेली. मांजराएवढा जीव आणि जमीन झाडत जाणारे केस. शेजारच्या मामींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, "भाकर टाकायची खरी, पण हिचं तोंड कोणत्या अंगाला हाय?"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे सगळं आपल्याला कळतं असा माझा समज. कुत्रीला शाम्पूनं आंघोळ घातली की झालं, असं मला वाटायचं. मामींनी मला मोरीतूनच परत फिरवलं. पाणी लागलं की गुंता आवळतो, म्हणून आधी विंचरायचं, मग धुवायचं. वरवर कंगवा फिरवला तर वरून रेशीम आणि आत घोंगडीसारखा दाबून बसलेला नमदा. केस थराथरानं वर करायचे, पार कातडीपर्यंत जायचं. गाठ सापडली की मुळाशी चिमटीत धरायची, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली रोज बघायचं. पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येऊ लागले तेव्हा तर गुंता दिवसाआड व्हायचा. ऊन उतरलं की मामी कंगवा घेऊन आमच्या पायरीवर हजर. बुंदीही माझ्याआधी त्यांची चाहूल घ्यायची.

अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल. बोलावलेलं नसतं, पण ती आली नाही तर घर सुनं वाटतं.

एकदा बुंदीच्या बगलेत वाटाण्याएवढी गाठ लागली. मामींचा चेहरा उतरला. त्यांनी घाईनं कात्री मागितली. अहो मामी, कुत्रीच्या अंगावरची गाठ ती, एवढं काय, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. गाठ काढून झाल्यावर, तळहातावर घेऊन, त्यांनी बहिणीचं सांगितलं.

आपल्याकडे बाईच्या केसांचा गुंता होऊन घट्ट झाला की त्याला जट म्हणतात. देवी आली म्हणतात. मग विंचरत नाहीत, कापत नाहीत, हळदीकुंकू लावतात. मामींची थोरली बहीण तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिचे केस कुणी विंचरले नाहीत. उठली तर मागे गाठ. आईनं हात जोडले. गाठीची दोरी झाली, दोरीचा सोट झाला, मान एका बाजूला कलली. पुढे जटेखाली जखम झाली. ती चिघळल्यावर कुणीतरी जट कापली आणि थोड्याच दिवसांत बहीण गेली. सगळे म्हणाले, कापली म्हणून गेली.

"कापल्यानं न्हाई गेली," मामी म्हणाल्या. "लय उशिरा कापली म्हणून गेली. गाठ हाताला लागली तवाच मी कंगवा घेतला हुता. मायनं हिसकून घेतला."

त्यानंतर मी त्यांच्या विंचरण्याला कधी हसले नाही.

त्या उन्हाळ्यात मामींचा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. सून पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात एकटा मुलगा. बुंदी मांडीवर असायची, तिथवर मामींचा हात पोचायचा, म्हणून त्यांचं येणं चालूच राहिलं. पदर मात्र डोक्यावर घट्ट ओढलेला. एवढ्या उकाड्यात कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, सवय हाय. हळदीचा वास यायचा. खांद्याला लेप लावला असेल, असं मला वाटलं.

मग एके दिवशी खेळता खेळता बुंदीनं दातात पदर धरला आणि ओढला. मामींच्या मानेवर, केसांत, मुठीएवढा गोळा होता. त्यावर कुंकू.

मुलानं लावलं होतं. मी आत जाऊन कात्री आणली. परभणीत अशी जट सोडवून देणारी माणसं आहेत, त्यांना बोलावू, असंही म्हटलं. मामींनी माझा हात खाली केला. सून सुखरूप मोकळी होऊ दे, मग काढू, म्हणाल्या. अशा वेळी देवीला दुखवू नको म्हणून पोरगा पाया पडला होता.

सून सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली, गुटगुटीत. आणि तिथंच सगळं फसलं. देवीनं राखलं, असं मुलगाच गावभर सांगत सुटला. तो मामींना पालमकडच्या त्यांच्या गावी घेऊन गेला. आमची पायरी ओस पडली. ऊन उतरलं की बुंदी फाटकाशी जाऊन बसायची.

मला राहवलं नाही. बुंदीला पिशवीत घालून मी एसटीनं गेले. ओसरीवर मामी पाटावर बसल्या होत्या, हळदीनं अंगभर पिवळ्या. बायका रांगेनं पाया पडत होत्या. मान थोडी कलली होती.

गर्दी ओसरल्यावर मी हळूच म्हणाले, "मामी, कात्री आणलीय. आत्ता काढू."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मुलगा तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत उभा होता.

"आता न्हाई, बाई. कापली अन् उद्या पोरीला नुसती शिंक आली तरी त्यो सोताला माफ करायचा न्हाई. मला, आईला बी न्हाई."

"दुखतंय का?"

"खाली ओलं लागायलंय," त्या म्हणाल्या. बहिणीचं सांगताना होता तसाच आवाज.

बुंदी पिशवीतून निघून त्यांच्या मांडीवर चढली. बोटं आपोआप तिच्या कानामागे गेली आणि थांबली.

"इथं अडकायलंय. आज घरी गेल्याबरोबर काढा. उद्यावर टाकू नका."

एक बाई पुढे आली. हिलाही आली वाटतं, म्हणत तिनं बुंदीच्या कानामागे हळद लावली. मामींनी ती पदरानं पुसून टाकली. बुंदीच्याच कानामागची.

घरी आल्याबरोबर मी बुंदीला पायरीवर घेतलं. गाठ मुळाशी चिमटीत धरली, कात्री लावली. एक कच्च आवाज. खाली कातडी स्वच्छ, गुलाबी. बुंदीनं कान फडफडवले आणि ती पाणी प्यायला गेली.

एवढंच तर करायचं होतं.